अर्ध्यावर आणलेला गारवा

आमच्या वन्संबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. "किती व्यवहारी बाई!" "एकटीच्या जिवावर घर घेतलं हो!" "त्यांना कुणी फसवून दाखवावं!" हे शेवटचं ऐकलं की हसावं की कपाळ बडवावं तेच कळत नाही मला. या बाईला लोकांनी जितकं फसवलंय तितकं आमच्या अख्ख्या गल्लीला मिळून कुणी फसवलं नसेल. फक्त फसवणाऱ्यानं दर वेळी त्यांना जिंकू दिलं, म्हणून त्यांना पत्ता नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा एसी दुरुस्त करतो. आमचं एवढंसं दुकान आहे. तो शिडी आणि हत्यारं घेऊन लोकांच्या घरी जातो, मी दुकानात बसून फोन घेते, सुटे भाग आणते आणि बोलणी खाते. उन्हाळ्यात बोलणी फार. "नुसतं बघायला यायचे पैसे कसले घेता?" हा प्रश्न तर मला झोपेतही ऐकू येतो. अहो, बघायला माणूस उन्हातून येतो, शिडी चढतो, झाकण उघडतो, मीटर लावून तपासतो, तेव्हा कुठे कळतं काय बिघडलंय ते. डॉक्टर नाडी बघतो त्याचे पैसे गुपचूप देता ना?

असो. वन्संचं सांगत होते.

वन्संनी आयुष्यभर एका कचेरीत बिलं तपासली. रंगारी, सुतार, नळवाला, खुर्च्या विणणारा, कुणाचंही बिल आलं की आधी वन्संच्या टेबलावर. आणि वन्सं ते न वाचता अर्धं करायच्या. शपथेवर सांगते, न वाचता. खालचा आकडा बघायचा, लाल पेनानं त्यावर आडवी रेघ, शेजारी निम्मा आकडा. फारच आरडाओरडा झाला तर थोडं वाढवून द्यायच्या. सगळी कचेरी त्यांना 'लाल पेन' म्हणायची आणि त्यांनाही ते आवडायचं. निवृत्त झाल्या तेव्हा सोबतच्यांनी त्यांना मोठ्ठं लाल पेन भेट दिलं. ते बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलंय, आणि घरात आलेल्या प्रत्येकाला दाखवल्याशिवाय पाणी मिळत नाही.

खोटं कशाला बोलू, या सवयीला कारण होतं. नोकरी नवी असताना एका रंगाऱ्यानं न रंगवलेल्या भिंतींचं बिल त्यांच्याकडून पास करून घेतलं. रंगारी पसार झाला आणि वन्सं अडकल्या. साहेबांनी चारचौघांत झापलं, पगारवाढ रोखली. त्याच सुमारास त्यांचा नवरा गेला. पदरात लहान मुलगी, डोक्यावर कर्ज. तेव्हापासून बाईनं ठरवून टाकलं की समोरचा दुप्पटच सांगतो. मुलीला शिकवलं, ती लांब गेली. घराचे हप्ते फेडले. पण हा हिशेब काही मनातून गेला नाही. मला वाईट वाटतं हो. पण वाईट वाटून घ्यायलाही काही मर्यादा असते.

आणि लोक काय कुक्कुली बाळं होती? वन्संकडे बिल लावायचं म्हणजे दुप्पट लावायचं, हे कचेरीतल्या सगळ्या कामवाल्यांना लवकरच कळलं. शंभर हवे असले की दोनशे लिहायचे. वन्सं रेघ मारायच्या, त्यांना हवे ते शंभर मिळायचे, आणि वन्सं छाती काढून घरी यायच्या. मार खायचा तो फक्त खरं लिहिणारा. त्याला पन्नासच मिळायचे आणि तो पुन्हा त्या दारात उभा राहायचा नाही. असे एकेक करून सरळ लोक गेले, बेरकी तेवढे उरले, आणि वन्सं म्हणायच्या, "बघ, सगळं जग चोर आहे."

हे सगळं कचेरीत चाललं होतं तोवर माझं काय जात होतं? पण मग सासूबाई त्यांच्याकडे राहायला गेल्या.

सासूबाई आधी आमच्याकडेच होत्या. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दुपारी छत असं तापतं की भिंतीला पाठ टेकवत नाही. एसीवाल्याच्या घरात एसी नाही, हसा खुशाल. घरमालक वायरिंग बदलून देत नाही आणि जुनी वायर मशीनचा भार पेलत नाही. सासूबाईंना दम्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाच्या वेळेला यांना गार खोलीत ठेवा, नाहीतर हृदयावर ताण येईल. वन्संच्या झोपायच्या खोलीत एसी होता. सासूबाईंची पिशवी भरून मीच सोडून आले. येताना वन्सं म्हणाल्या, "आता तुझी सुटका." मी जीभ चावून जिना उतरले.

पहिल्याच उन्हाळ्यात तो एसी नुसता वारा सोडायला लागला. गारवा नाही. आता सख्खा भाऊ हेच काम करतो, तर त्याला फोन करावा की नाही? छे! भावाला दोन शब्द सुनावता येत नाहीत, घासाघीस करता येत नाही. वन्संनी बोलावलं गोडबोल्याला.

गोडबोल्या हे त्याचं बाजारातलं नाव. आमच्याच धंद्यातला, शर्टाला कधी डाग नाही. डाग लागेल असं काम केलं तर ना! मशीनकडे खालूनच बघून म्हणाला, "मावशी, गॅस संपलाय." आकडा सांगितला. वन्संनी अर्धा केला. गोडबोल्यानं रडवेलं तोंड केलं, पोराबाळांची नावं घेतली आणि 'तुमच्यापुढे काय बोलणार' म्हणत अर्ध्यावर गॅस भरून गेला. त्या अर्ध्यातही त्याला आमच्यापेक्षा जास्त सुटले. सुट्या भागांच्या दुकानात हे तो स्वतःच टाळ्या देऊन सांगत होता, मी तिथेच पंख्याची मोटर घ्यायला उभी होते. माझं आणि वन्संचं नातं त्याला माहीत नव्हतं. मला तर तिथेच मोटर त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

तुमच्या घरी एसी असेल तर कान उघडे ठेवून ऐका, हे मी फोनवर सांगून सांगून दमले. एसीतला गॅस जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून तोच तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी तो बाहेर पडतोय. ती जागा न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी ओतणं. जो माणूस गळती न शोधता गॅस भरतो त्याला दाराबाहेर काढा, मग तो कितीही स्वस्तात भरो. आणि जो न तपासताच कॉम्प्रेसर गेला म्हणतो त्यालाही. पुष्कळदा आतला छोटासा कपॅसिटर गेलेला असतो आणि लोक अख्ख्या मशीनचं श्राद्ध घालून मोकळे होतात. बदललेला जुना भाग हातात मागून घ्या. भागाची किंमत वेगळी, मजुरी वेगळी, असं विचारा. लाजता कसल्या?

पण हे वन्संना कोण सांगणार? दुसऱ्या उन्हाळ्यात गोडबोल्या पुन्हा आला, पुन्हा गॅस, पुन्हा अर्ध्यावर. या वर्षी तर उन्हाळा धड तापलाही नव्हता आणि भरलेला गॅस गेलासुद्धा.

आम्ही सासूबाईंना भेटायला गेलो तर पलंगाशी टेबलफॅन, उशीवर ओला टॉवेल, आणि सासूबाई बसून श्वास घेतायत. आडवं झालं की घुसमटतं म्हणाल्या. वन्सं शेजारी स्टुलावर बसून घडी केलेल्या वर्तमानपत्रानं त्यांना वारा घालत होत्या. ब्लाउज पाठीला चिकटलेला, मनगट सुजलेलं. म्हणजे प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. पण डोक्यावर एसी लटकतोय आणि खाली ही बाई वर्तमानपत्र हलवतेय, हे बघून माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

नवरा शिडी आणायला खाली गेला. मशीन उघडलं, नळ्यांत दाब भरला, साबणाचा फेस ब्रशनं लावत गेला. आतल्या युनिटच्या कॉइलवर, म्हणजे गार होणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर, एका कोपऱ्यात बुडबुडे यायला लागले. "ताई, ही बघ गळती. कॉइल आतून कुरतडली गेलीय. डाग देऊन टिकणार नाही, बदलावी लागेल. बाकी मशीन ठणठणीत आहे. कॉम्प्रेसर गेला असता तर मीच म्हणालो असतो की यात पैसे घालू नको, नवीन घे. पण कॉइल बदलली की तुझी बरीच वर्षं निघतील."

"किती?" वन्संनी विचारलं.

त्यानं दुकानदाराचा भाव सांगितला. आपली मजुरी एक छदाम धरली नाही.

"अर्धे देईन," वन्सं म्हणाल्या.

"अगं ताई, हा भाव दुकानाचा आहे. माझं यात काही नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"मी सगळे आहे का? मी तुझा भाऊ आहे!"

"म्हणून तर म्हणते, निदान तू तरी खरं सांग."

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "राहू दे मग, मी माझ्या पैशानं बसवतो. आईसाठीच आहे ना." तर बाई ताडकन उठल्या. "माझ्या घरात मला कुणाची भीक नको. खरा भाव सांगशील तेव्हा ये. तोवर त्या शिडीला हात लावायचा नाही." पलंगावर सासूबाई दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसल्या होत्या. त्यांच्याकडे कुणी बघेचना.

घरी येईपर्यंत मी नवऱ्याला सोललं. म्हटलं, "दुप्पट सांगायचं होतंस. तिला रेघ मारल्याशिवाय अन्न पचत नाही. मारू दे की!"

"बहिणीशी खोटं बोलू?"

"आईचा श्वास अडकलाय आणि तुला खऱ्याखोट्याचं पडलंय?"

"मी नाही बोलणार," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. सरळ माणसाशी संसार करणं किती त्रासाचं असतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी वन्संकडे गेले. पेनाच्या कपाटासमोर बसून घसा साफ केला. "वन्सं, काल हे चुकीचं बोलले. त्यांना बाजारभाव माहीत नसतो, सामान मी आणते. एवढे लागतील," आणि बेधडक दुप्पट आकडा सांगितला. वर म्हटलं, "मजुरी वेगळी."

वन्संच्या चेहऱ्यावर असा काही तजेला आला की काय सांगू! बाई दहा वर्षांनी तरुण झाल्या. पदर खोचला. "काय गं, मला काय दूधखुळी समजलीस? अर्धे घे. मजुरीबिजुरी काही मिळणार नाही." मी हात जोडले, आमच्या पोटावर पाय देऊ नका म्हटलं, डोळ्याला पदरसुद्धा लावला. गोडबोल्यानं बघितलं असतं तर शिष्य झाला असता. अर्ध्यावर सौदा ठरला. म्हणजे बरोबर दुकानाच्या भावावर.

दुपारी कॉइल आली. नवऱ्याला म्हटलं, "ताई कबूल झाल्या, काही विचारू नकोस." त्यानं जुनी काढली, नवी बसवली, नळ्या जोडल्या, सगळी हवा काढून मोजून गॅस भरला, पुन्हा फेस लावून बघितला. एक बुडबुडा नाही. मशीन सुरू झालं, आणि हळूहळू खोलीत अशी गार हवा पसरली की सासूबाई उशीवर मागे रेलल्या. कितीतरी दिवसांनी आडव्या झाल्या. मला जरा रडूच आलं, ते मी शिडी पुसण्यात घालवलं.

वन्संनी पैसे आणून नवऱ्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "मोजून घे. आणि एक सांगते, राग मानू नकोस. तुझी बायको याच्या दुप्पट मागत होती. सख्ख्या नणंदेकडून! मी म्हणून अर्ध्यावर आणली. माझ्या भावाच्या घरात चोर बसलीय, सांभाळ."

चोर. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून, मला, चोर! माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता, तो तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला. कारण खरं बाहेर पडलं असतं तर बाईंनी तीच कॉइल उतरवायला लावली असती, खात्रीनं सांगते. मी कधी कुणाचं ऐकून घेत नाही, पण त्या दिवशी घेतलं. वन्सं विजयी मुद्रेनं चहा टाकायला गेल्या. जाताना एसीचा रिमोट टेबलावरून उचलून कमरेच्या बटव्यात घालायला विसरल्या नाहीत.

नवरा शिडी ठेवायला खाली गेला. मी पलंगावर टेकले. सासूबाईंनी डोळे न उघडताच माझा हात धरला.

"दुप्पट सांगितलंस ना?"

मी दुसऱ्या हातानं त्यांची उशी सारखी केली.

"मला विचारायचंस की. तिला किती सांगायचं ते मला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणाले चार तास गार हवेत राहा, मी तिला आठ सांगितले. तेव्हा कुठे चार मिळायचे." सासूबाई हसल्या, तेवढ्यानंही त्यांना धाप लागली. "औषधाचंही तसंच. पाय दुखला तर म्हणायचं पाय आणि कंबर दोन्ही दुखतंय. मग ती पायाला तेल लावून देते. माझीच लेक आहे, मी वाईट मानत नाही."

"पण आई..."

"एकच झालं बघ. परवा खरंच दम लागला. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. मी हाक मारली, म्हटलं जीव जातोय गं माझा. तिनं येऊन बघितलं आणि म्हणाली, एवढं काही नाही, थोडं पाणी पी." सासूबाईंनी आता डोळे उघडले. "तिचं काय चुकलं? मीच तर रोज दुप्पट सांगत होते. परवा दुप्पट करायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं."

कपबश्या वाजल्या. दारात वन्सं ट्रे घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे. चहा बश्यांत हिंदकळला होता.

मला वाटलं आता तोंड सोडतील. आईला खोटारडी म्हणतील, मला म्हणतील. मी बाह्या सरसावूनच बसले होते. पण त्यांनी ट्रे जमिनीवर ठेवला, सकाळी भाव पाडताना ताठ झालेली पाठ वाकली, आणि त्या पलंगाच्या पायथ्याशी बसल्या.

"परवा खरं होतं?" त्यांनी विचारलं.

"परवा खरं होतं," सासूबाई म्हणाल्या.

वन्संनी बटव्यातून रिमोट काढला. आईच्या हातात दिला. सासूबाईंना बटणं दिसेनात, तर त्यांचा अंगठा धरून दाखवलं, हे सुरू, हे बंद. मला 'चोर' म्हणाल्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. आजतागायत काढलेलं नाही, आणि मीही ते विसरलेले नाही. कुणी सांगितलं की वन्संचं मन आतून लोण्यासारखं आहे, तर मी म्हणते, असेल, मला बाहेरूनच पुरलं.

पुढच्याच आठवड्यात दुकानात फोन वाजला. भर दुपार, तक्रारींचा पाऊस पडायची वेळ. मी नेहमीसारखं "बोला, एसीला काय झालंय?" म्हटलं. पलीकडे वन्सं होत्या.

"एसी चालू आहे. आईला दम लागलाय."

माझ्या मनातला राग आधी बाहेर पडला. "किती लागलाय?" मी विचारलं. टोचायलाच विचारलं.



"ती म्हणतेय तेवढा," वन्सं म्हणाल्या. "डॉक्टर येऊन गेले. दवाखान्यात ठेवा म्हणाले, किती खर्च येईल ते सांगायला लागले. मी आकडा ऐकलाच नाही. मी नुसतं हो म्हटलं. तुम्ही दोघं या."

मी "निघालोच" म्हटलं आणि दुकानाचं शटर ओढलं.